एका बिल्ल्याला एक भाकरी

कोल्हापुरात उद्यमनगरला आमची खानावळ होती. रस्त्याकडची एक खोली, तिच्यात चार लांब बाकडी, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. खानावळ आई चालवायची. वडील दोन गल्ल्या सोडून एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. जेवायला येणारे बहुतेक लेथवरचे नाहीतर फौंड्रीतले, घरदार नेसरी-गडहिंग्लजकडं ठेवून इथं एका खोलीत चौघं-चौघं राहणारे. आई गडहिंग्लजच्या पलीकडची, त्यामुळं तिच्या आमटीला त्यांच्या गावाची चव होती. ते तिला वैनी म्हणायचे.

ही गोष्ट नव्वदनंतरच्या काही वर्षांतली, मी हायस्कूलात होते तेव्हाची. तेव्हा बाजारातून सुटे पैसे गायब झाले होते. रुपयाचं नाणं दिसलं की माणसं ते खिशात दाबून ठेवायची. कुणी म्हणायचं, नाणी वितळवून दाढीची पाती करतात. कुणी म्हणायचं, सरकारच पाडत नाही. दुकानदार रुपयाच्या बदल्यात लिमलेटच्या गोळ्या हातावर ठेवायचे. आमच्याकडं ताट आठ रुपयांना होतं. दोन भाकऱ्या, आमटी, एक भाजी, कांदा. जादा भाकरी एक रुपया. गिऱ्हाईक दहाची नोट द्यायचं आणि दोन रुपये परत द्यायला गल्ल्यात काही नसायचं.

"गोळ्या ठेवा की," वडील एकदा म्हणाले.

"दिवसभर घण मारून आलेल्या माणसाच्या हातावर मी गोळी ठेवू?" आई म्हणाली. "त्याच्या दोन रुपयांचं काहीतरी पोटाला लागलं पाहिजे."

मग तिनं वह्यांच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापले आणि त्यावर मला 'एक भाकरी' असं लिहायला लावलं. एका रुपयाला एक चौकोन. पुढच्या खेपेला तो दिला की जादा भाकरी मिळायची. पण आमटीच्या हातांनी चौकोन महिन्याभरात लोळागोळा झाले, आणि एक दिवस एक चौकोन असा आला की त्यावरचं अक्षर माझं नव्हतं. आईनं त्या माणसाला भाकरी वाढली आणि संध्याकाळी सगळे पुठ्ठे चुलीत घातले.

त्यावर वडिलांनी बिल्ले केले. वर्कशॉपमधले पितळी रॉडचे उरलेले तुकडे त्यांनी मालकाकडून वजनावर विकत घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत लेथवर चकत्या पाडल्या. मध्ये भोक, कडा घासून गुळगुळीत, आणि एका बाजूला पंचनं मारलेले तीन ठिपके. "चुलीचे तीन दगड," ते म्हणाले. असले दोनशे बिल्ले त्यांनी एका पिशवीतून आणून आईपुढं ओतले. आईनं एक हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, "लई देखणं केलंय." वडील त्या दिवशी भलतेच खुशीत होते.

बाकड्यांसमोरच्या भिंतीवर आईनं माझ्याकडून खडूनं लिहून घेतलं: एका बिल्ल्याला एक भाकरी. कुणी विचारलं, किती दिवस चालणार, तर ती सांगायची, "मी हाय तंवर."

पुढं जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. समोरचा चहावाला आमच्याकडं दुपारी जेवायचा. त्यानं एकाकडून चहाच्या पैशात बिल्ला घेतला, कारण तो त्याला दुपारी चालणारच होता. मग सायकलच्या पंक्चरवाल्यानं घेतला. मग केशकर्तनालयवाल्यानं. कोपऱ्यावरचा वह्या-पेन्सिलीचा दुकानदार तर आमच्याकडं जेवायचाही नाही. पण समोरच्या टपरीवर त्याचा चहा असायचा, त्यामुळं तोही घेऊ लागला. मी स्वतः बिल्ला देऊन खोडरबर आणलंय. मला त्यात काडीचंही नवल वाटलं नव्हतं. बिल्ला म्हणजे आईची भाकरी आणि आईची भाकरी मिळणारच, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

मग एका वर्षी जोंधळा महागला. आईला जादा भाकरीचे दोन रुपये करावे लागले. तेव्हा पेन्सिलीवाल्या दुकानदारानं तिला शहाणपण सांगितलं, "वैनी, जुने बिल्ले तुम्ही एका रुपयाला दिलेले. आता दोन बिल्ल्यांना एक भाकरी करा. कोण बोलणार हाय?"

"मी रुपया कुठं लिहिलाय?" आई म्हणाली. "भाकरी लिहिलंय."

त्या महिन्यात तिला तोटा झाला असणार. पण त्यानंतर लोक बिल्ला जपून ठेवू लागले. नोट आधी खर्चायची आणि बिल्ला मागं ठेवायचा, अशी काहींची रीतच पडली. एकानं तर आपले बिल्ले दोऱ्यात ओवून खुंटीला टांगले होते.

त्याच सुमारास आमच्या रस्त्याच्या टोकाची एक फौंड्री बंद पडली. तीस-चाळीस माणसं घरी बसली. त्यातली बरीच आमच्याकडं जेवणारी. काही गावाकडं परतली, काही दुसरं काम मिळेल म्हणून थांबली. थांबलेल्यांत एक म्हातारे मोल्डर होते, वडिलांचे जुने दोस्त. साच्याची वाळू मुठीत दाबून ती ओली किती हे सांगणारा माणूस. ते पूर्वी चार भाकऱ्या खायचे. आता येऊन एकच भाकरी मागायचे, नुसत्या आमटीबरोबर, आणि म्हणायचे, "अलीकडं पोट बरं न्हाय." पाणी मात्र दोन तांबे प्यायचे.

वडील हे बघत होते. आमचे वडील फार बोलणारे नव्हते, पण कुणाचं दुःख दिसलं की त्यांना जेवण जायचं नाही. आई बघत होती की नाही मला ठाऊक नाही. जेवणाच्या वेळी तिचं तोंड चुलीकडं असायचं. म्हाताऱ्या मोल्डरांनी एक दिवस दोन बिल्ले काढून दिले आणि पोटभर जेवले. नंतर फौंड्रीतले आणखी दोघंतिघं बिल्ले घेऊन येऊ लागले. आई मला म्हणाली, "बरं झालं बाई, साठवून ठेवल्यालं त्यांच्या उपयोगाला आलं."

महिना-दीड महिना असा गेला. मग घरात लहान लहान गोष्टी चुकू लागल्या. महिना पुरणारं जोंधळ्याचं पोतं तिसऱ्या आठवड्यातच तळाला गेलं. गिरणीत माझ्या फेऱ्या वाढल्या. दुपारी शेवटी येणाऱ्यांना भाकरी पुरेना. आई पहाटे आणखी लवकर उठू लागली, तरी पुरेना. आणि एका दुपारी गडहिंग्लजकडचा एक नेहमीचा जेवणारा भाकरी तळहातावर ठेवून हसत म्हणाला, "वैनी, भाकरी बारीक झालीया की ओ."

सगळे हसले. आई हसली नाही. ती आत आली, बुट्टीतली एक भाकरी उचलली आणि तिच्यावर स्वतःचा पंजा पसरून ठेवला. पूर्वी तिची भाकरी पंजाच्या बाहेर चारी बाजूंनी दिसायची. आता बोटं कडेला टेकत होती. "मला कळलंच न्हाय," ती म्हणाली. मुद्दाम केलं नव्हतं तिनं. पीठ पुरवायच्या ओढाताणीत हातच आखडला होता.

त्याच आठवड्यात मी पेन्सिलीवाल्याकडं बिल्ला घेऊन गेले, तर तो म्हणाला, "दोन बिल्ले आण." मी म्हटलं, का? तो म्हणाला, "चहावाला आता एका बिल्ल्याला अर्धाच च्या देतोय. बिल्ले लई झाल्यात बाजारात."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. त्या आठवड्यात आलेले बिल्ले आईनं पुन्हा कुणाला दिले नाहीत, डब्यात टाकत गेली. रविवारी खानावळ बंद असायची. रविवारी दुपारी तिनं डबा चटईवर उलटा केला आणि मला मोजायला बसवलं. दहा-दहाच्या चवडी लावल्या. दोनशे एकतीस झाले. दोनदा मोजले. दोनशे एकतीसच.

"केलेले दोनशे," आई म्हणाली. "आणि बाहेर अजून किती हायेत कुणास ठाऊक."

वडील दारात बसून बनियनवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही. आईनं तिथूनच विचारलं, "अहो, किती केलासा?"

पेपर थोडा हलला. त्याच्याआडून ते म्हणाले, "मोजलं न्हाईत."

"मोजलं न्हाईत?" आईचा आवाज चढला नाही. तो एकदम बारीक झाला.

"तो माणूस पाणी पिऊन पोट भरत होता. मी काय करू? तुला सांगितलं असतं तर तुझ्या गळ्यात आणखी एक ओझं."

"आणि आता काय झालं?" आई म्हणाली. आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल बोलतानाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलायची, आणि रागात ते जास्तच ठाम वाटायचं. "बिल्ला तुम्ही करता. भाकरी मी करतो. तुम्हाला लेथवर एक मिनिट लागतंय. मला दळण, पीठ, जाळ, हात, सगळं लागतंय. तुम्ही त्यांना पितळ न्हाय दिलं. माझा शब्द वाटत सुटलाय."

"भुकेल्याला दिलं."

"मला म्हटला असतासा, ह्याला जेवायला वाढ, तर मी न्हाय म्हटलं असतं? माझ्या ताटातलं दिलं असतं, आणि मला ठाऊक असतं मी काय दिलं ते. आता बघा. ज्यानं आपला घामाचा रुपया देऊन बिल्ला घेतला, त्याला बारीक भाकरी. ज्याला तुम्ही दिला, त्यालाबी बारीक भाकरी. कुणाचंच पोट भरलं न्हाय की ओ."

वडील उठून बाहेर गेले. मी चवडी परत डब्यात भरल्या.

दुसऱ्या दिवशी आईनं खडूची ओळ स्वतः पुसली आणि मला नवीन लिहायला सांगितली: येत्या रविवारी सगळे बिल्ले आणावेत. प्रत्येक बिल्ल्याला एक भाकरी मिळेल. ती ओळ वाचून गल्लीत भलतंच पसरलं. वैनी खानावळ बंद करून गावी चालली. पितळ पितळच राहणार. चहावाला येऊन विचारून गेला. आईनं त्याला फक्त एवढंच सांगितलं, "रविवारी या."

तिच्या भिशीचे पैसे नुकतेच आले होते. ते तिनं मिक्सरसाठी राखले होते. चटणी वाटून तिचा खांदा दुखायचा. ते सगळे जोंधळ्यात गेले. थोरल्या बहिणीला तिनं निरोप धाडला, आणि शनिवारी मावशी एसटीच्या टपावर दोन पोती टाकून हजर झाली. कंडक्टरशी भांडून आली होती, त्यामुळं घरात शिरतानाही तिचं भांडण चालूच होतं. शनिवारी गिरणीवाल्यानं दुसऱ्या कुणाचं दळण घेतलं नाही.

रविवारी उजाडायच्या आत अंगणात तीन चुली मांडल्या. आई, मावशी, शेजारच्या दोघी. मी जाळ घालत होते. सूर्य वर आला तसं माणसं जमू लागली. आठ वाजेपर्यंत रांग वर्कशॉपच्या कोपऱ्याला पोचली होती. कुणाच्या हातात रुमालात बांधलेले बिल्ले, कुणाच्या दोऱ्यात ओवलेले. चेहरे हसरे नव्हते. पुढचा माणूस नऊ बिल्ले टाकायचा आणि नऊ भाकऱ्या फडक्यात बांधून घ्यायचा, आणि मागचे मान उंचावून बुट्टीत किती उरल्या ते बघायचे.

आईनं भाकरी पुन्हा पूर्वीएवढी केली होती. पंजाच्या बाहेर दिसणारी.

नऊच्या सुमाराला वडील आत आले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि चौथी काठवट ओढून आईच्या शेजारी बसले. त्यांनी आयुष्यात भाकरी थापलेली नव्हती. पहिल्या चार तुटल्या. पाचवी गोल झाली, पण तव्यावर टाकताना दुमडली. मावशी म्हणाली, "दाजी, लेथ न्हवं ते." आईनं त्यांच्याकडं बघितलं नाही, पण त्यांचं पीठ कोरडं होतंय हे दिसल्यावर पाण्याचं भांडं त्यांच्या बाजूला सरकवलं. तास-दीड तासात त्यांची भाकरी वाढता येईल अशी झाली. कडा जरा जाड, एवढंच.

अकरा वाजले असतील. बुट्टी रिकामी होत होती आणि भरत होती. रांगेतल्या लोकांना ते समोर दिसत होतं. चहावाल्याचा नंबर जवळ आला होता. त्याच्या मुठीत पंधरा-वीस बिल्ले होते. त्यानं थोडा वेळ बुट्टीकडं बघितलं, चुलींकडं बघितलं, आणि मूठ खिशात घातली.

"काय ओ, काय झालं?" मागच्यानं विचारलं.

"मिळतीया न्हवं? मग ऱ्हाऊ दे की. पंधरा भाकऱ्या घेऊन मी आज काय करू?" असं म्हणून तो गेला आणि आपली टपरी उघडली. त्याच्यामागून पंक्चरवाला गेला. बारापर्यंत रांगच उरली नाही. मी जाळ घालायचं थांबवून बघत राहिले. सकाळी जी माणसं आमची भाकरी संपेल म्हणून धावत आली होती, तीच आता भाकरी आहे म्हणून न घेता निघाली होती.

सगळ्यात शेवटी म्हातारे मोल्डर आले. त्यांनी रुमाल सोडला. आत चाळीसेक बिल्ले होते. वडिलांनी दिलेल्यांतले त्यांनी सुरुवातीला थोडेच वापरले होते.

"मला भाकरी नको वैनी," ते म्हणाले. "हे नुसतं परत घ्या. सारखंच नवं नवं पितळ यायला लागलं तवाच मला समजलं. तुमच्या घरात इतक्या भाकऱ्या कुठनं येणार?"

आईनं रुमाल घेतला, बिल्ले डब्यात ओतले, रुमाल झटकून घडी करून त्यांना दिला. मग ताट मांडलं. चार भाकऱ्या. "बसा," ती म्हणाली. "ह्याला बिल्ला लागत न्हाय. हे माझ्याकडनं हाय."

ते बसले, पण जेवण सुरू करेनात. मग आईच म्हणाली, "उद्यापासनं गिरणीतनं दळण आणत जावा. पोरीचा अभ्यास बुडतोय." त्यानंतर ते जेवले. पुढं पाच महिने, दुसऱ्या फौंड्रीत काम मिळेपर्यंत, दळण त्यांनीच आणलं. फौंड्रीतल्या आणखी तिघांनाही आईनं अर्ध्या पैशात जेवण सुरू केलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि त्यासाठी शनिवारचं अंड्याचं कालवण काही महिने बंद केलं. कुणी कुरकुर केली नाही. कुणाला काय दिलं आणि ते कुठून दिलं, हे उघड होतं.

आधीचे दोनशे एकतीस सोडून त्या एका दिवसात साडेतीनशेच्या वर बिल्ले जमले. वडिलांनी आईसमोर शंभर मोजून गल्ल्यासाठी बाजूला ठेवले. बाकीचे त्यांनी पितळेच्या भंगारात घातले आणि आलेले पैसे तिच्याजवळ दिले. पुन्हा त्यांनी एकही बिल्ला पाडला नाही. चहावाला दुसऱ्या दिवसापासून एका बिल्ल्याला पूर्ण चहा देऊ लागला.

काही वर्षांनी नवीन नाणी भरपूर आली आणि बिल्ले आपोआप मागं पडले. मी अर्थशास्त्र घेतलं, एम. ए. केलं आणि जयसिंगपूरला एका ज्युनियर कॉलेजात शिकवू लागले. तोपर्यंत दोन हजार साल उलटलं होतं. गुडघ्यांमुळं आईनं खानावळ बंद केली होती, आणि वडील जाऊन वर्ष झालं होतं. घरात एकटी बसून कंटाळते म्हणून एकदा मी तिला माझ्याबरोबर कॉलेजला नेलं. ती मागच्या बाकावर पदर सावरून बसली. मुलींनी तिला खिडकीकडची जागा दिली.

त्या दिवशी मध्यवर्ती बँकेचा धडा होता. मी मुलांना खिशातली नोट काढून वाचायला लावली. हिच्यावर एक वचन छापलंय, म्हटलं, आणि खाली सही आहे. कागदाला किंमत नाही, किंमत त्या वचनाला आहे. सरकारला पैशाची गरज असते, आणि ती बऱ्याचदा चांगल्या कामासाठीच असते. पण नोटा छापून ती भागवली तर बाजारातलं धान्य वाढत नाही, प्रत्येकाच्या हातातली नोट बारीक होते. म्हणून नोटा काढणाऱ्या बँकेला सरकारला नाही म्हणता आलं पाहिजे. मुलं लिहून घेत होती. आई खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, तिला झोप येतेय.

परत येताना एसटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. हातकणंगले गेल्यावर ती एकदम म्हणाली, "ती बँक सरकारला न्हाय म्हणती, मग त्यांच्यात अबोला पडत असंल न्हवं?"

मी हसले. "पडतो कधी कधी."

"किती दिवस?"

"ते पुस्तकात नाही, आई."

"आमचा नऊ दिवस होता," ती म्हणाली.

मला हे माहीतच नव्हतं. त्या आठवड्यात घरात एवढी धावपळ होती की कोण कुणाशी बोलतंय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चुलीशेजारी दोघं दिवसभर खांद्याला खांदा लावून बसले होते, आणि एक शब्द बोलले नव्हते.

"मग मोडला कुणी?"

"मीच. सोमवारी लई दमलोतो. आमटीत मीठ दोनदा पडलं. तुझं वडील खाली मान घालून गप जेवत होतं. अर्धी वाटी संपवली. तोंडावर काही न्हाय." तिनं पदरानं ओठ टिपले. "मग मलाच ऱ्हावंना. म्हटलं, अहो, खारट हाय ते, ठेवा खाली. तर म्हणालं, व्हय? मला वाटलं, शिक्षा हाय."

ती हसू लागली. हसता हसता तिनं माझा हात धरला आणि कोल्हापूर येईपर्यंत सोडला नाही.